विश्लेषण : डोंबिवली स्थानकात सुचलेली ‘डेम्लो’ संख्या काय आहे? कोण होते कापरेकर मास्तर?

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधून मुंबईला लोकलने निघालात, की कल्याण, ठाकुर्लीनंतर डोंबिवली येते. गर्दीत उतरायची-चढायची घाई असते. याच स्थानकात एका शिक्षकाला एक संख्यामालिका सुचली. स्थानकाच्या नावावरूनच तिला ‘डेम्लो’ म्हणतात.

कोण होते कापरेकर?
दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. आई लहानपणीच गेली. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीत शाळामास्तर होते.

डेम्लो संख्या म्हणजे काय?
मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१. उलटी वाचली तरी संख्या तीच. अंकांची बेरीजही पाहा : ४, ९, १६. नऊ एककांपर्यंत हा क्रम टिकतो. तिथे बेरीज ८१ होते.

मोठ्या मूळ संख्यांशी संबंध काय?
डेम्लोचा पाया म्हणजे फक्त १ या अंकाने बनलेल्या संख्या. त्यातल्या मूळ किती? ११ मूळ आहे. १११ मात्र ३ × ३७ आणि ११११ म्हणजे ११ × १०१. एककांची संख्या मूळ नसेल, तर ती संख्या मूळ असूच शकत नाही. पण एककांची संख्या मूळ असली तरी खात्री नाही. १११ हेच त्याचे उदाहरण. ११ नंतर थेट १९ एककांची संख्या मूळ निघते, मग २३ आणि त्यानंतर एकदम ३१७ एककांची. १९ एककांच्या संख्येने १ ला भागले, तर अठरा शून्ये आणि एक ९ असा १९ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो. दशांशात नेमका १९ अंकांचा गट देणारी दुसरी मूळ संख्याच नाही.

मान का मिळाला नाही?
कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांचे काम अनेक जाणकारांना पोरखेळ वाटे. पदरमोड करून ते पुस्तिका छापत, परिषदांना जात. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ही त्यांचाच. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगाला नाव कळले. तेव्हा ते सत्तरीत होते.

१९८६ मध्ये देवळालीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १०३१ एककांची संख्या मूळ असल्याची सिद्धता प्रसिद्ध झाली. पुढच्या वेळी लोकल डोंबिवलीत थांबली, तर १११ चा वर्ग करून पाहा.