रामशास्त्री प्रभुणे : पेशव्याला दोषी ठरवणारा न्यायाधीश

अंबड तालुक्यातील अंकुशनगरच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावरील फेरफाराची तक्रार असेल, तर तो तहसीलदारांकडे जातो. जमिनीच्या मालकीचा वाद असेल, तर दिवाणी न्यायालयात. पहिली पायरी कार्यपालिकेची, दुसरी न्यायपालिकेची. ही दोन दारे वेगळी का असावीत, हे समजून घ्यायचे तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात जावे लागते.

कोण होते रामशास्त्री?

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. लहानपणी शिक्षण झाले नाही. मोठेपणी काशीला जाऊन त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या सेवेत आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

थोरले माधवराव पेशवे जपजाप्यात फार वेळ घालवू लागले, तेव्हा रामशास्त्रींनी नोकरी सोडून काशीला जाण्याची तयारी दाखवली, असे सांगितले जाते. राज्य करायचे असेल तर प्रजेचे काम आधी, हा त्यामागचा इशारा होता. माधवरावांनी तो ऐकला.

तेव्हा न्याय कसा मिळे?

गावातला तंटा पाटील आणि गोतसभेसमोर सुटे. तिथे न मिटल्यास तो मामलतदाराकडे जाई आणि शेवटी पुण्याच्या न्यायाधीशाकडे. मात्र मामलतदार वसुलीही करी आणि निवाडाही देई. ज्याने सारा लावला, त्याच्याकडेच साऱ्याविरुद्ध दाद मागायची, अशी स्थिती होती. मुख्य न्यायाधीशाची नेमणूकही पेशवेच करत.

१७७३ मध्ये काय घडले?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यानंतर सत्ता चुलते रघुनाथराव यांच्या हाती आली. रामशास्त्रींनी चौकशी सुरू केली आणि माग थेट रघुनाथरावांपर्यंत पोहोचला. नारायणरावांना पकडण्याच्या हुकमात 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत.

रामशास्त्रींनी राज्याच्या प्रमुखालाच दोषी ठरवले आणि या गुन्ह्याला देहांत प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय दिला. मग पद सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात निघून गेले.

निर्णयाचे पुढे काय झाले?

शिक्षा अमलात आली नाही. न्यायाधीशाच्या हाती फौज नव्हती आणि खजिनाही नव्हता. पण निर्णयाने रघुनाथरावांचा नैतिक अधिकार संपला. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील आदींच्या बारभाईंनी त्यांना दूर केले आणि १७७४ मध्ये नारायणरावांचा तान्हा मुलगा सवाई माधवराव याला पेशवेपद दिले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्यातून पेटलेले इंग्रज-मराठा युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले.

पुढे कारभाऱ्यांनी रामशास्त्रींना सन्मानाने परत बोलावले. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज काय वेगळे?

रामशास्त्रींना सत्य सांगण्यासाठी पद सोडावे लागले. आजच्या न्यायाधीशावर ती वेळ येऊ नये, अशी व्यवस्था राज्यघटनेत आहे.

• अनुच्छेद ५० : राज्याने न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करण्यासाठी पावले उचलावीत.

• उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला सरकार काढू शकत नाही. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते.

• जिल्हा व तालुका न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते, जिल्हाधिकाऱ्यांचे नाही. जालना जिल्हा औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतो.

• १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी वेगळे केले. शांतता राखण्यासाठी जमावबंदीचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी काढतात. गुन्ह्याचा खटला न्यायदंडाधिकारी चालवतात. जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही ही विभागणी कायम आहे.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. निकाल न्यायालय देते, पण अतिक्रमण हटवायला, ताबा द्यायला किंवा आरोपीला पकडून आणायला पोलीस आणि महसूल यंत्रणाच लागते. अंमलबजावणी रखडली, तर कागदावर जिंकलेला शेतकरी बांधावर हरतो. त्यामुळे दोन दारे वेगळी असली, तरी दुसऱ्या दारातून निघालेला हुकूम पहिल्या दाराने पाळावाच लागतो. तो टाळला, तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. रामशास्त्रींच्या हाती हे साधन नव्हते.