पालीसाठी पायपीट

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेच्या काठचे, तटबंदी आणि खंदक असलेले जुने गाव. देवळांच्या संख्येमुळे त्याला विदर्भाची काशी म्हणण्याची प्रथा आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून इसवी सनापूर्वीच्या काळातील भव्य स्तूपाचे अवशेष बाहेर आले. त्यातील एका स्तंभावर फणा उभारलेला नाग कोरलेला असून त्याचे मुचलिंद हे नाव ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत वळणाने दिलेले आहे. बोधी प्राप्त झाल्यानंतर बुद्ध ध्यानस्थ असताना सात दिवस अवकाळी पाऊस पडत राहिला आणि या नागराजाने वेटोळे घालून व डोक्यावर फणा धरून त्यांचे रक्षण केले, ही कथा पाली विनयपिटकात येते. स्तूप उभारला गेला तेव्हा पवनीत नुसते नाव कोरले तरी पुरत होते, कारण कथा सर्वांना ठाऊक होती.

पुढे ही ओळख महाराष्ट्रातून इतकी पुसली गेली की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुद्धाचे शब्द मुळातून वाचण्याची इच्छा झालेल्या मराठी तरुणाला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. पाली ही या भूमीचीच भाषा. पण तिचे ग्रंथ सिंहली, ब्रह्मी वा सयामी लिपीत होते, शिकविणारे आचार्य परदेशी होते आणि छापील संशोधन इंग्रजी व जर्मन भाषांत होते. घरची भाषा अशी परकी झाली होती. ती परत आणण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले त्या धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा देह अखेर विदर्भातच, सेवाग्रामला, ४ जून १९४७ रोजी पडला. पवनीची टेकडी तेव्हा आणखी बावीस वर्षे बंदच राहणार होती.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. मातृभाषा कोंकणी, शिक्षण गावच्या मराठी शाळेतले आणि तेही तुटपुंजे. प्रकृती नाजूक, घरची परिस्थिती ओढगस्तीची. चौदा-पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी विवाह झाला आणि नारळी-पोफळीच्या बागांकडे लक्ष देत जगण्याचा सरळ मार्ग समोर दिसू लागला. अशा वेळी बालबोधमेवा या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांसाठी लिहिलेल्या काही पानांनी एका विवाहित तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलावी, हे आज काहीसे अविश्वसनीय वाटते. या महापुरुषाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, त्यासाठी लागतील त्या भाषा शिकायच्या, आणि आधी संस्कृतपासून सुरुवात करायची, असा निश्चय त्यांनी केला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी होती आणि तान्ही मुलगी माणिक होती. या एका गोष्टीबद्दल कोसंबींच्या चरित्रकाराला अवघडल्यासारखे होते आणि तसे व्हायलाही हवे. विद्येसाठी केलेला त्याग असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्या त्यागाचा मोठा वाटा बाळाबाईंच्या माथी आला. पुढची जवळजवळ सात वर्षे त्यांनी पतीवाचून काढली. स्वतः कोसंबींनी निवेदन या आत्मचरित्रात या काळातील आपल्या मनाची ओढाताण लपविलेली नाही.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. मात्र पुण्यात राहून हवे तसे संस्कृत शिकण्याची सोय लागेना, म्हणून उत्तरेकडे मजल दरमजल करीत ते काशीस पोहोचले. अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरण घोकावे, असा क्रम दोन वर्षांच्या आसपास चालला. काशीत संस्कृत मिळाले, बुद्ध मिळाला नाही. बौद्ध धर्म जिवंत असेल या आशेने ते १९०२ मध्ये नेपाळात गेले. तेथे जे दिसले त्याने निराशाच पदरी आली. तेथून बुद्धगया. पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला गेले पाहिजे, हे आता उमगले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल हे त्या काळचे थोर पंडित प्रमुख होते. कोसंबी त्यांच्याजवळ पोहोचले तेव्हा त्यांना ना सिंहली येत होती, ना त्या बेटावरची गोल वळणाची लिपी. काशीत पाठ केलेले व्याकरण येथे कामी आले. संस्कृत आणि पाली यांचे नाते इतके जवळचे की ज्याला एकीचे रूप ठाऊक आहे त्याला दुसरीचे ओळखता येते: धर्माचा धम्म होतो, निर्वाणाचे निब्बान होते, भिक्षूचा भिक्खू होतो. मराठी माणसाला तर हे आणखी सोपे, कारण हस्ताचा हत्थ आणि हत्थाचा हात ही वाट त्याच्या तोंडात आधीच असते. लिपीचा अडसर दूर झाल्यावर कोसंबींची प्रगती झपाट्याने झाली. त्यांनी तेथे दीक्षाही घेतली. पण अन्न मानवेना, प्रकृती ढासळली, आणि ते मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले.

ब्रह्मदेशात पुन्हा पहिल्यापासून आरंभ. नवी लिपी, नवी बोली, पालीचे उच्चारही निराळे. एकच त्रिपिटक कोलंबोत एका अक्षरात आणि रंगूनमध्ये दुसऱ्या अक्षरात वाचावे लागत होते. सगाइंगच्या टेकड्यांत त्यांनी ध्यानाभ्यास केला. तेथे त्यांच्याबरोबर न्यानतिलोक हे जर्मन भिक्खू होते. एक गोमंतकीय आणि एक जर्मन, दोघेही बुद्धासाठी घर सोडून ब्रह्मदेशाच्या गुहेत आलेले, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

१९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्यास आले, भिक्षुवेष उतरवून पाली शिकवू लागले आणि घरीही परतले. १९०७ मध्ये पुत्र दामोदर यांचा जन्म झाला. हेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून नावारूपास आले. कलकत्त्यात त्यांचा हरिनाथ डे यांच्याशी परिचय झाला. इंपीरियल लायब्ररीचे हे पहिले भारतीय ग्रंथपाल वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारले तेव्हा त्यांना चौतीस भाषा येत होत्या असे सांगतात. भाषा शिकण्याच्या दोन तऱ्हा या दोघांत समोरासमोर दिसतात. डे यांना भाषेचाच छंद होता. एक आली की दुसरी खुणावत असे. कोसंबींच्या लेखी प्रत्येक भाषा म्हणजे पुढच्या दाराची किल्ली होती आणि सगळी दारे एकाच गाभाऱ्याकडे जाणारी होती. भाषांची संख्या ते कधी मोजीत बसले नाहीत.

कलकत्त्यातील अधिक पगाराची जागा सोडून त्यांनी महाराजा सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये स्वीकारले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता येणार होते. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे म्हणून त्यांनी केलेल्या खटपटीस भांडारकरांचे पाठबळ लाभले. याच सुमारास हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी गाठ पडली आणि १९१० मध्ये कोसंबी अमेरिकेस गेले. शाळेत इंग्रजीचा गंध नसलेला हा माणूस प्रौढपणी स्वप्रयत्नाने ती भाषा शिकून हार्वर्डमध्ये संपादनास बसला. काम होते बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाचे. हेन्री क्लार्क वॉरन यांनी सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखितांवरून सुरू केलेली ही संहिता त्यांच्या १८९९ मधील मृत्यूमुळे अपुरी राहिली होती. दोन्ही परंपरांत गुरुमुखातून शिकलेले कोसंबी या कामासाठी जणू घडविलेलेच होते. मात्र प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावर मतभेद झाले, काम रेंगाळले आणि त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा अमेरिकेच्या वाऱ्या कराव्या लागल्या.

१९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. बापट तर पुढे चिनी भाषेपर्यंत पोहोचले आणि विसुद्धिमग्गाची तुलना चिनीत उरलेल्या विमुत्तिमग्गाशी करून आले. १९१८ च्या अमेरिकावारीत कोसंबींनी माणिक आणि दामोदर या मुलांना बरोबर नेले. ज्या मुलीला तान्ही सोडून वडील निघून गेले होते ती आता त्यांच्याच बरोबर केंब्रिजला शिकू लागली.

नंतर गुजरात विद्यापीठातील अध्यापन झाले. समाजवादाच्या ओढीने ते रशियन शिकले आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन आले. तेथे श्चेरबात्स्की यांच्या पुढाकाराने बौद्ध विद्येचे मोठे केंद्र उभे राहिले होते. परतल्यावर मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंगवास. परळच्या कामगार वस्तीतील बहुजन विहार हा त्यांचा पुढचा मुक्काम.

इतक्या भाषांच्या खटाटोपातून हाती काय आले, याचे उत्तर भगवान बुद्ध या ग्रंथात आहे. १९४०-४१ मध्ये नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळाने तो प्रसिद्ध केला. पुढे साहित्य अकादमीने त्याची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे करविली. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र मध्यरात्री पत्नी-पुत्राला झोपेत सोडून गेला, ही कथा लहान मुलालाही पाठ असते. कोसंबींनी दाखवून दिले की निकायांत हा प्रसंग विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या नावे येतो. गोतमाबद्दल अरियपरियेसन सुत्त सांगते ते एवढेच की आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत त्याने केस उतरवून घर सोडले. आणि सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताच्या आधारे कोसंबींनी असे मांडले की परस्परांवर शस्त्र उगारणाऱ्या माणसांना पाहून आलेला उद्वेग हे गृहत्यागाचे कारण होते. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी त्यांनी ते जोडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात गृहत्यागाचे जे कारण येते ते याच वळणाचे आहे. म्हणजे काशी, कोलंबो आणि रंगून येथे गिरवलेल्या अक्षरांचा परिणाम १९५६ च्या धर्मांतरानंतर विदर्भातल्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या चरित्रापर्यंत पोहोचला. पवनी-भंडाऱ्याच्या वस्त्याही त्यात आल्या.

मूळ संहिता वाचणाऱ्यास अप्रिय गोष्टीही सांगाव्या लागतात. बुद्धकालीन मांसाहाराविषयी कोसंबींनी जे लिहिले त्यावरून जैन समाजात मोठे वादळ उठले. पालीत जे आहे ते आहे, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. त्याच लेखणीने त्यांनी पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म लिहून जैन परंपरेचे ऋण मान्य केले. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

शरीर साथ देईनासे झाले तेव्हा अन्न सोडून देहत्याग करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. गांधीजींच्या आग्रहामुळे पहिला प्रयत्न त्यांनी आवरता घेतला, पण सेवाग्रामच्या आश्रमात तो अखेर पूर्णत्वास नेला. पाली शिकण्यासाठी येथून काही विद्यार्थी सिंहलद्वीपाला पाठवावेत, अशी त्यांची इच्छा होती. हार्वर्डच्या विसुद्धिमग्गाची छापील प्रत पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९१० मध्ये हाती घेतलेला तो ग्रंथ हार्वर्ड प्राच्यमालेचा ४१ वा खंड म्हणून १९५० मध्ये बाहेर पडला. त्यावर वॉरन यांच्या नावाबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे.