गोऱ्या पहारेकऱ्यांना पगार विचारणारे मार्टिन ल्यूथर किंग

1967 सालचे शेवटचे महिने. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगात मार्टिन ल्यूथर किंग काही दिवसांची शिक्षा भोगत होते. चार वर्षांपूर्वी मनाई मोडून मोर्चे काढले होते, त्याची ही शिक्षा. गोरे पहारेकरी कोठडीपाशी येऊन हुज्जत घालायचे. काळे-गोरे वेगळेच राहिले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. किंग शांतपणे उत्तरं द्यायचे. दोन-तीन दिवसांनी बोलता बोलता गोष्ट घर आणि पगारावर आली. त्यांचा पगार ऐकून किंग म्हणाले, की तुम्हीही आमच्याइतकेच गरीब आहात, तुम्ही तर आमच्या मोर्चात पाहिजे.

किंग स्वतः काही झोपडीतून आलेले नव्हते. 15 जानेवारी 1929 ला अटलांटा शहरात जन्म. वडील चर्चचे धर्मगुरू, घर खाऊन-पिऊन सुखी. तरी सहा वर्षांचे असताना त्यांच्या गोऱ्या सवंगड्याला वडिलांनी त्यांच्यासोबत खेळायला बंदी केली. घरात पैसा असला तरी रंग आडवा येतो, हे तेव्हाच कळलं.

1955 मध्ये माँटगोमेरीत बसवर बहिष्कार सुरू झाला, तो 381 दिवस चालला. धुणीभांडी करणाऱ्या बाया मैलोन्‌मैल पायी कामाला गेल्या. 1959 मध्ये किंग भारतात आले, तेव्हा मुंबईत फुटपाथवर झोपलेली माणसं बघून हळहळले. 1964 ला नोबेल मिळालं. बक्षिसाचे 54,000 डॉलर चळवळीला दिले.

कायदे झाले. हॉटेलात बसायचा हक्क मिळाला, पण खाण्याचे पैसे कुठून आणायचे, हे किंग विचारू लागले. इथून खरी अडचण सुरू झाली. दक्षिणेतल्या अन्यायाविरुद्ध त्यांना साथ देणारे उत्तरेकडचे अनेक गोरे, घरं-नोकऱ्यांचा विषय निघताच मागे सरले. 1966 मध्ये शिकागोत घरांसाठी मोर्चा निघाला, तेव्हा किंग यांच्या डोक्याला दगड लागला. त्या वस्तीत पैपै जमवून छोटी घरं घेतलेली कामकरी गोरी कुटुंबं बरीच होती. लांबच्या बंगल्यांत राहून सहानुभूती दाखवणं सोपं होतं, तिथं कुणाचं काही जात नव्हतं. अर्थात, गोऱ्या गरिबाला रंगाचा फायदा होताच. काळ्याला जे घर कुणी विकत नव्हतं, ते त्याला मिळत होतं. पगार मात्र त्याचाही पुरत नव्हता.

तुरुंगातून सुटल्यावर महिनाभरातच किंग यांनी गरिबांची मोहीम जाहीर केली. काळे, मेक्सिकन, आदिवासी आणि डोंगराळ अ‍ॅपलाचियातले गरीब गोरे, सगळे मिळून वॉशिंग्टनला. जवळच्या काही सहकाऱ्यांनाही हे पटेना.

तेवढ्यात मेम्फिसमध्ये पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीत शिरलेले दोन सफाई कामगार यंत्रात चिरडून मेले. सुमारे 1,300 कामगार संपावर गेले. त्यांच्यासाठी गेलेल्या किंग यांना 4 एप्रिल 1968 ला गोळी घालून मारण्यात आलं. वय अवघं 39.

मोहीम थांबली नाही. मे महिन्यात वॉशिंग्टनच्या मैदानावर प्लायवूडच्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्यांत काळ्यांसोबत थोडे गरीब गोरेही राहायला आले. पावसानं सगळा चिखल झाला, आणि 24 जूनला पोलिसांनी ती वस्ती उठवली.