कामा हॉस्पिटलचा फक्त पाया घातला होता, तेव्हाच मुंबईत बायकांची ओपीडी चालवायला एडिथ पीची आली

कामा हॉस्पिटल म्हटलं की आपल्याला २६/११ ची रात्र आठवते. पण सीएसएमटीजवळच्या या दगडी इमारतीचा त्याआधीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास फारसा कुणाला माहीत नाही. ती बांधली जात होती तेव्हा खरा वाद खिडक्या-कमानींवरून नव्हता. आत डॉक्टर म्हणून कोण बसणार, यावरून होता.

गोष्ट १८८० च्या दशकातली. मुंबईत सरकारी दवाखाने होते, जे. जे. हॉस्पिटल होतं. पण डॉक्टर सगळे पुरुष. पडद्यातल्या मुस्लिम बायका असोत की सोवळ्यातल्या हिंदू बायका, परक्या पुरुषाला नाडी दाखवायची म्हणजे घरात आधी पंचायत बसायची. मग आजार अंगावर काढायचा, बाळंतपण सुईणीवर सोडायचं.

यावर जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी समाजसुधारक यांनी मिळून फंड उभा केला. परदेशातून डॉक्टर बायका आणायच्या, इथल्या मुलींना डॉक्टर करायचं आणि बायका-मुलांसाठी वेगळं हॉस्पिटल काढायचं, असा बेत होता. याच धडपडीतून १८८३ साली ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे मुलींसाठी उघडले. हॉस्पिटलसाठी पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखाहून जास्त रुपये दिले. अट एकच, कारभार बायकांच्या हातात राहील. आजही ऐकायला धाडसी वाटेल अशी अट, आणि ती सुद्धा ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय खात्यासमोर.

आता अशी बाई शोधायची कुठे?

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एडिथ पीची प्रॅक्टिस करत होती. १८४५ साली एसेक्समध्ये एका बॅप्टिस्ट पाद्र्याच्या घरात जन्मलेली ही मुलगी आधी शिक्षिका होती. १८६९ मध्ये तिने एडिनबरा विद्यापीठात मेडिकलला प्रवेश घेतला. तिथल्या पहिल्या सात मुलींपैकी ती एक. इतिहासात त्या एडिनबरा सेव्हन म्हणून ओळखल्या जातात.

केमिस्ट्रीच्या परीक्षेत होप स्कॉलरशिपसाठी पात्र ठरणाऱ्यांमध्ये एडिथचे मार्क सगळ्यात जास्त होते. स्कॉलरशिप मात्र तिच्या खालच्या मुलांना गेली. कारण काय, तर मुलींचा वर्ग वेगळा भरतो! नोव्हेंबर १८७० मध्ये या मुली अ‍ॅनाटॉमीच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा जमावाने वाट अडवली, चिखल फेकला आणि परीक्षेच्या हॉलमध्ये मेंढरू घुसवलं. शेवटी विद्यापीठाने पदवीच नाकारली. एडिथने १८७७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातून एम.डी. केलं आणि प्रॅक्टिसचं लायसन्स आयर्लंडमधून मिळवलं.

किट्रेजने मुंबईसाठी विचारलं आणि ती तयार झाली. डिसेंबर १८८३ मध्ये बोटीने मुंबईत उतरली, तेव्हा कामा हॉस्पिटलचं नुकतंच भूमिपूजन झालं होतं. इमारत व्हायला अजून तीनेक वर्षं होती. तिने हिंदुस्तानी शिकायला घेतली आणि १८८४ मध्ये तात्पुरत्या जागेत बाह्यरुग्ण दवाखाना सुरू झाला.

आधी ओपीडी, मग हॉस्पिटल. जागा नव्हती म्हणून हा क्रम पडला खरा, पण तो अगदी बरोबर बसला. वॉर्डात राहायचं तर नवऱ्याची आणि सासूची परवानगी लागायची, स्वयंपाक कोण करणार, पोरांना कोण बघणार, कुणाच्या हातचं जेवायचं, हजार प्रश्न. दवाखान्याचं तसं नव्हतं. सकाळी यायचं, बाईला दाखवायचं, औषधाची बाटली घ्यायची आणि चुलीच्या वेळेला घरी. ज्या बाईला एकदा विश्वास बसला, ती पुढे वॉर्डात यायलाही कमी घाबरणार.

१८८६ साली हॉस्पिटल उघडलं. सोबत बायका-मुलांसाठीची कायमची ओपीडी आली, दात्याच्या नावाने जाफर सुलेमान दवाखाना. पुढे शेजारीच बाळंतपणासाठी ऑलब्लेस हॉस्पिटल उभं राहिलं, म्हणून पूर्ण नाव कामा आणि ऑलब्लेस. बांधकामात सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या मंचेरजी मर्झबान या पारशी इंजिनियरचा मोठा हात होता. फोर्टातला मर्झबान रोड यांच्याच नावाचा.

एडिथ हॉस्पिटलची प्रमुख झाली. नर्सांचं ट्रेनिंग सुरू केलं. डॉक्टर बाईला पुरुष डॉक्टरइतकाच पगार हवा, हे ती तेव्हा भांडून सांगत होती. त्याच काळात रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला होता. एडिथ त्यांच्या बाजूने उभी राहिली, बालविवाहाविरुद्ध बोलली आणि रखमाबाईंना लंडनला मेडिकल शिकायला जायला मदत केली. रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि त्यांनी सुरतचं बायकांचं हॉस्पिटल सांभाळलं.

१८८९ मध्ये एडिथने हर्बर्ट फिप्सनशी लग्न केलं. हा वाईनचा व्यापारी, पण बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कामाशी जवळून जोडलेला. दोघांनी नाशिकजवळ बायका-मुलांसाठी आरोग्यधाम काढलं. मधुमेहाने बेजार होऊन तिने १८९४ मध्ये कामा सोडलं, पण खाजगी प्रॅक्टिस चालूच होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही ती इथेच काम करत होती.

१९०५ मध्ये ती इंग्लंडला परतली. फेब्रुवारी १९०७ मध्ये लंडनच्या चिखलातून मताच्या हक्कासाठी हजारो बायकांचा मोर्चा निघाला, त्यात ती पुढच्या रांगेत होती. १४ एप्रिल १९०८ रोजी कॅन्सरने तिचं निधन झालं.

एडिनबरा विद्यापीठाने सातही जणींना मरणोत्तर मानद पदव्या दिल्या, २०१९ मध्ये.