ब्रँडिस यांचे हरलेले टिपण

भारतीय वन अधिनियम, 1927 मधील कलम 28 फारसे कोणाच्या वाचनात येत नाही. राखीव ठरवलेल्या वनावरील शासनाचे हक्क एखाद्या गावसमाजाकडे सोपवावेत आणि त्या वनास ग्रामवन म्हणावे, अशी ही तरतूद आहे. 1878 च्या कायद्यातून ती जवळपास त्याच स्वरूपात पुढे आली आणि त्या काळाप्रमाणेच नंतरही बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. तिच्यामागे एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचा आग्रह होता. त्याला हवे होते त्याचा हा एक तुकडा तेवढा कायद्यात उरला.

डीट्रिख ब्रँडिस यांचा जन्म 31 मार्च 1824 रोजी बॉन येथे झाला. तेथील विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. वनाधिकारी म्हणून त्यांचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. भारताशी त्यांचा संबंध जुळला तो विवाहामुळे. त्यांच्या पत्नी रेचल या श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या, आणि रेचल यांच्या भगिनी हेन्री हॅवलॉक यांच्या पत्नी. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्यापर्यंत पोहोचले. नुकत्याच जिंकलेल्या पेगू प्रांतातील सागवान तेव्हा बेसुमार तोडले जात होते. 1856 च्या आरंभी ब्रँडिस यांची तेथील वनांचे अधीक्षक म्हणून नेमणूक झाली.

ब्रह्मदेशातील त्यांचे काम तांत्रिक दृष्ट्या आजही अभ्यासण्याजोगे आहे. हत्तीवर बसून ते ठरावीक मार्गाने वनातून जात, दिसेल तो साग जाडीच्या वर्गानुसार मोजत आणि एका हातातील बांबूच्या कामट्यांवर दुसऱ्या हाताने चाकूने खाचा पाडत. पावसात कागद भिजे, कामटी भिजली तरी बिघडत नसे. या गणतीवरून वर्षाला किती झाडे तोडावीत हे ठरे. रंगून आणि मौलमीनच्या लाकूड व्यापाऱ्यांना ही मर्यादा मुळीच रुचली नाही. फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांशी मात्र त्यांनी वेगळी तडजोड केली: जमीन साफ करून पिके घ्यावीत, त्याच जमिनीत सागाचे बी लावावे आणि पिके संपल्यावर तरुण साग खात्याच्या हवाली करून पुढे सरकावे. यात खात्याचा लाभ अधिक होता, हे उघड आहे. पण वनात राहणाऱ्याला हाकलून वन राखता येत नाही, हा धडा ब्रँडिस यांनी येथेच घेतला असावा.

1864 मध्ये ते भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. रेल्वेला स्लीपर हवे होते. साल, देवदार आणि साग झपाट्याने संपत होते. 1865 चा पहिला वन कायदा घाईत झाला आणि तो अपुरा असल्याचे लवकरच सर्वांनी मान्य केले. नवा कायदा कसा असावा, यावर पुढे जवळपास दशकभर वाद चालला. आपल्या वनधोरणाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा वाद बहुधा तोच.

एका बाजूला पंजाबातील वनाधिकारी बी. एच. बेडन-पॉवेल होते. त्यांची मांडणी सरळ होती. पडीक व वन्य जमीन परंपरेने राजाची. लेखी आधार असेल तोच हक्क, बाकी सारी राजाने दिलेली सवलत, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. गंमत अशी की भारतातील जमीनधारा पद्धतींवर पुढे तीन खंडांचा ग्रंथ लिहिणारे गृहस्थ हेच. दुसऱ्या टोकाला मद्रासचे महसूल मंडळ होते. इलाख्यातील जवळपास प्रत्येक वन कोणत्या ना कोणत्या गावाच्या शिवारात येते, तेव्हा सरकारला त्यावर निर्वेध मालकी सांगता येणार नाही, असे या सरकारी मंडळानेच 1871 मध्ये सरकारला सुनावले.

ब्रँडिस मध्ये उभे राहिले. त्यांच्या 1875 च्या टिपणाचा गाभा असा की, शतकानुशतके चालत आलेला वापर हाच हक्क. तो कागदावर नाही म्हणून नाकारणे अन्यायाचे आणि अव्यवहार्यही. सरकारने मोजकी, सलग आणि मौल्यवान वने स्वतःकडे ठेवावीत. त्याखेरीज गावांची स्वतंत्र वने आखून द्यावीत आणि त्यांचा कारभार गावांनी पाहावा. युरोपातील सामुदायिक वने त्यांनी पाहिली होती. राजपुताना आणि कूर्ग येथील देवरायांची त्यांनी आदराने नोंद घेतली होती.

त्यांना लोकशाहीवादी ठरवण्याचे मात्र कारण नाही. गावाला स्वतःचे वन मिळाले की सरकारी वनावरचा दबाव कमी होईल, हा हिशेब त्यात होताच. असंतोषाची धास्तीही होती. खात्याच्या योजनेला गावाने नकार द्यावा, अशी कल्पना त्यांनी केली नसती. तरीही नियोजन करण्यापूर्वी तेथे आधीपासून कोण आहे हे विचारावे लागते, एवढे त्यांनी ओळखले होते.

1878 च्या कायद्यात बेडन-पॉवेल यांची सरशी झाली. वन राखीव करण्याचा इरादा जाहीर करायचा, स्थानिक भाषेत उद्घोषणा लावायची, किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची आणि वन जमाबंदी अधिकाऱ्याने दावे ऐकायचे, अशी कार्यपद्धती ठरली. दिसायला ही सुनावणी होती. पण निरक्षर गुराख्याने मुदतीत दावा केला नाही तर त्याचा हक्क बुडे. ग्रामवनाची तरतूद राहिली, परंतु वन आधी राखीव करायचे आणि मग गावाला द्यायचे, अशा उलट्या क्रमाने. एकदा राखीव झालेले वन परत मिळेल यावर गावांचा विश्वास बसेना आणि ते देण्याची खात्याला इच्छा नव्हती.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याविरुद्ध निवेदन पाठवले. गावकऱ्यांना विश्वासात घेतले तर वनरक्षण अधिक सुकर होईल, हा तिचा मुद्दा ब्रँडिस यांच्या मुद्द्याहून फार दूर नव्हता. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी एवढ्या वाढल्या की मुंबई सरकारला 1885 मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. कुमाऊँमध्ये 1921 साली वने पेटली. तेथेही तक्रारींची चौकशी झाली आणि 1931 मध्ये वन पंचायतींचे नियम आले. ब्रँडिस यांची सूचना अर्ध्या शतकानंतर, एका कोपऱ्यात आणि आगी लागल्यावर अमलात आली.

ब्रँडिस यांनी राजीनामा दिला नाही. त्याच कायद्याच्या अंमलबजावणीचे ते 1883 पर्यंत प्रमुख राहिले. 1878 मध्येच सुरू झालेल्या डेहराडूनच्या वनविद्यालयामागे त्यांचीच प्रेरणा होती. मद्रासला जाऊन तेथील 1882 च्या कायद्यालाही त्यांनी आकार दिला. संस्था उभारण्यात ते यशस्वी ठरले आणि त्या संस्थांनी त्यांचे मत बाजूला ठेवले. दहा वर्षांची कार्य आयोजना खात्याने आखायची आणि गावाने तोडीच्या वेळी ती पाहायची, ही रीत तेव्हा रुळली. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क ग्रामसभांना दिले आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखासारखी गावे स्वतःच्या वनाचे नियोजन करू लागली. दुसरीकडे 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर, राज्यांवर सोपवून, असा क्रम ठेवला. आधी राखीव करायचे, मग गावाकडे पाहायचे, हा 1878 चा क्रम येथे ओळखू येतो.

निवृत्तीनंतर ब्रँडिस बॉनला परतले. गिफर्ड पिंचट हा अमेरिकन तरुण 1889 मध्ये त्यांच्याकडे सल्ल्यासाठी आला. 1905 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या वनसेवेचा तो पहिला प्रमुख. उतारवयातही ब्रँडिस वाळवलेल्या पानाफुलांच्या संग्रहांत बुडालेले असत. ‘इंडियन ट्रीज’ हा त्यांचा ग्रंथ 1906 मध्ये, त्यांच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी आला. 28 मे 1907 रोजी बॉन येथेच त्यांचे निधन झाले.