सुट्या भागांची किमया

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट झळकला आणि अवकाशात झेपावणारी त्यातील अजस्र याने पाहून जग थक्क झाले. प्रत्यक्षात ती लहान प्रतिकृतींची करामत होती. रणगाडे, विमाने यांच्या खेळण्यांच्या संचांतील सुटे भाग जुळवून आणि त्यांवर रंग चढवून कारागिरांनी ती याने घडवली होती. एका वस्तूचे भाग घेऊन दुसरीच वस्तू उभी करण्याची ही विद्या कोल्हापूरच्या एका कलावंताला मात्र त्याच्या साठ वर्षे आधीच साधली होती. ते कलावंत म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात, कारागिरांच्या घराण्यात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. खरे शिक्षण घरातील हत्यारांनी आणि रंगांनी दिले. नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले आणि ‘पेंटर’ हेच दोघांचे आडनाव झाले. आरमोरी-वडसा परिसरात रात्र-रात्र जागून झाडीपट्टीची नाटके पाहणाऱ्या रसिकांना रंगवलेल्या पडद्याचे सामर्थ्य सांगावे लागत नाही. बाबूरावांना मात्र तो पडदा हलता करायचा होता.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने (१९१३) या बंधूंना झपाटले. परदेशी कॅमेरा आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा त्यांनी मुंबईत एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला, त्याची यंत्रणा समजून घेतली आणि स्वतःच कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. काम अर्ध्यावर असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. तो आघात पचवून बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने भागाला भाग जोडत कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० मधील ‘सैरंध्री’तील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले, की प्रेक्षक हादरले आणि त्या दृश्याला कात्री लागली. हा चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. ‘सिंहगड’साठी (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले, तर ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची व्यथा मांडली. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत.

मात्र १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि धायबर हे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. पुढे कंपनीचा पडदा पडला आणि बाबूराव पुन्हा चित्र-शिल्पांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या उदरात गडप झाले आहेत.

पण हातांनी दिलेली विद्या हरवली नाही. कॅमेऱ्याच्या घडणीत गुरूला साथ देणाऱ्या दामल्यांनीच फत्तेलालांसह १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. तुकोबांना घेऊन वैकुंठाकडे झेपावणारा त्यातील गरुड हे मराठी पडद्याचे पहिलेवहिले अवकाशयानच म्हणावे लागेल, आणि त्याला आकाश दाखवणारी शाळा बाबूरावांची होती.