सीझनच्या मध्यावर मॅनेजर गेला, तरी आर्सेनल चॅम्पियन कसा ठरला?

इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा १९३३-३४ चा सीझन निम्मा झाला असताना गतविजेत्या आर्सेनलला धक्का बसला. सर्दी-ताप अंगावर काढत क्लबच्या तिसऱ्या संघाची मॅच पाहायला गेलेले मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांचं ६ जानेवारी १९३४ रोजी न्यूमोनियानं निधन झालं. वय अवघं ५५.

कोण होते चॅपमन?
१८७८ मध्ये यॉर्कशायरमधल्या खाणकामगाराच्या घरात जन्म. शिक्षण मायनिंग इंजिनीअरिंगचं. हडर्सफील्डला १९२४ आणि १९२५ अशी सलग दोनदा लीग जिंकून देऊन ते आर्सेनलमध्ये आले.

त्यांनी काय बदललं?
१९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि गोल वाढले. खेळाडू चार्ली बुकन यांच्या सूचनेवरून चॅपमन यांनी मधल्या हाफबॅकला मागे खेचून तिसरा बचावपटू केलं. पुढे आर्सेनलनं १९३१ आणि १९३३ मध्ये लीग जिंकली.

त्यांच्यानंतर काय झालं?
जो शॉ यांनी संघ सांभाळला. आर्सेनल ५९ गुणांसह चॅम्पियन ठरला. ५६ गुणांसह दुसरा आला तो चॅपमन यांचाच जुना हडर्सफील्ड! १९३५ मध्ये पुन्हा आर्सेनलच. दोन्ही क्लबनी विजेतेपदाची हॅटट्रिक केली; तिसरं विजेतेपद पाहायला चॅपमन मात्र दोन्ही वेळा तिथे नव्हते.